स्वयंपाकघरातले स्विच आणि सॉकेट: भिंत फोडण्याआधी काय ठरवावं?

ओट्यावरची

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, इमारत १९९६ची. स्वयंपाकघर ८ बाय १०, एल आकाराचा ओटा, बाहेर ड्राय बाल्कनी. पुढच्या सोमवारपासून जुन्या टाइल्स फोडणार. काल इलेक्ट्रिशियनदादा आले, भिंतीकडे बघत चहा प्यायले आणि म्हणाले, "ताई, ओट्यावर दोन बोर्ड आणि फ्रीजला एक. बास झालं."

आत्ताही तेवढेच आहेत हो! रोज सकाळी आमच्याकडे पिनांची संगीतखुर्ची चालते. मिक्सर लावायचा तर किटली काढा, इंडक्शन लावायचं तर मिक्सर काढा. फ्रीज आणि मायक्रोवेव्ह एकाच ठोकळ्यावर (तो पांढरा, एकाचे तीन करणारा). ठोकळा हाताला गरम लागतो. मागच्या दिवाळीत चकल्या तळताना जळका वास आला म्हणून नवा आणला. तोही गरमच.

सामान असं: फ्रीज, कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह, मिक्सर, किटली, एका शेगडीचं इंडक्शन, पाण्याचा फिल्टर, चिमणी. नवीन येणार डिशवॉशर आणि एअरफ्रायर. बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि सासूबाईंची घरघंटी. किती पॉइंट, कुठे, किती उंचीवर? आणि दादांना काय सांगू म्हणजे ते ऐकतील?

बटाटेवडा

दादांना नका सांगू, त्यांच्या बायकोला सांगा. ती एका सकाळीत पटवेल.

बाकी, ठोकळा आमच्याकडेही गरम होतो. मला वाटायचं तो तसाच असतो.

तारतम्य

बटाटेवडा, तसाच नसतो. आजच काढा.

ओट्यावरची, पॉइंट किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की डीबीपासून (घरभर वीज वाटणारी मुख्य डबी) स्वयंपाकघरात लाईन किती येतात? त्या काळच्या इमारतीत बहुतेक एकच, आणि तिच्यावरून लूप मारत मारत सगळे बोर्ड. तसं असेल तर भिंतीवर वीस सॉकेट बसवा, पाणी एकाच नळाचं.

हिशेब सोपा आहे. वॅट भागिले २३०, आले अँपिअर. प्रत्येक वस्तूच्या पाठीला चिकटपट्टी असते, तिच्यावरचा आकडा घ्या. किटली १५०० वॅट, म्हणजे साडेसहा अँपिअर. मिक्सर ७५०, म्हणजे सव्वातीन. इंडक्शन २०००, म्हणजे पावणेनऊ. मायक्रोवेव्हला लोक फसतात. जाहिरातीत ८०० वॅट म्हणतात ती अन्नाला मिळणारी ताकद, भिंतीतून तो १२०० ते १४०० ओढतो आणि कन्व्हेक्शनवर चालवला तर बऱ्याचदा २०००च्या आसपास.

आता सकाळी आठ वाजताचं तुमचं घर डोळ्यांसमोर आणा. किटली, मिक्सर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह एकदम चालू. बेरीज साडेपाच हजार वॅटच्या वर, २४-२५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा डीबीतला स्विच) एवढ्याने ताबडतोब पडत नाही. काही मिनिटं चालतो, आतली पट्टी तापते, मग पडतो. लोकांना वाटतं एमसीबी खराब झाला, आणि ते ३२चा बसवून घेतात. भिंतीतली तार मात्र तीच जुनी, बारीक. मग एमसीबीऐवजी ती तापते, आणि ते कोणाला दिसत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर एवढ्या लाईन मागितल्या असत्या: फ्रीजला स्वतंत्र, मायक्रोवेव्हला स्वतंत्र, डिशवॉशरला स्वतंत्र, ओट्याच्या दोन बाजूंना दोन, बाल्कनीला एक, आणि दिवे-चिमणी-फिल्टर यांना मिळून एक. सात झाल्या. पॉवरच्या सगळ्यांना २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १६ किंवा २०चा एमसीबी, दिव्यांच्या लाईनला १.५ची तार आणि १०चा.

दादांना पॉइंट सांगू नका, लाईन सांगा. "डीबीपासून किचनला सात लाईन" म्हटलं की माणूस चहाचा कप खाली ठेवतो. आणि हो, महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किती आहे ते बघून इथे लिहा.

खमंग

तारतम्य यांनी तारेचं सांगितलं, मी खडूचं सांगते.

टाइल्स निघाल्या की रिकाम्या स्वयंपाकघरात खडू घेऊन उभ्या राहा आणि मनातल्या मनात पुरणपोळीचा अख्खा स्वयंपाक करा. डाळ कुठे शिजतेय, पुरण वाटायला कुठे उभ्या आहात, कटाच्या आमटीचं वाटण कुठे होतंय. जिथे हात थांबेल तिथे भिंतीवर फुली. ज्या दिवशी घरात दहा पानं असतात तो दिवस धरायचा, मंगळवारची खिचडी नव्हे.

ठाण्याच्या घरात मी हे केलं नाही. चार सॉकेट एका ओळीत, दिसायला झकास, आणि चारही ओट्याच्या ज्या टोकाला मी कधी उभीच राहत नाही तिथे. मिक्सरची वायर जेमतेम मीटरभर. ती ताणून गॅसच्या पुढून नेली की पोटात गोळा येतो. हँड ब्लेंडर तर पातेल्यातच फिरवायचा असतो, म्हणजे एक सॉकेट शेगडीपासून हातभर लांब पण ब्लेंडरची वायर पोचेल असं हवंच. मी आता टोमॅटोचं सार करताना पातेलं उचलून सॉकेटपाशी नेते. सार सॉकेटकडे जातं आमच्याकडे!

शेगडीच्या बरोबर मागे मात्र एकही नको. फोडणीचे शिंतोडे, वाफ, तेलाचा थर. सिंकच्या डोक्यावर पण नको. दोन्हींपासून किमान फूटभर बाजूला, जमलं तर दोन फूट.

जुना_वायरमन

मी तीस वर्षं हेच काम केलं, सांगली-मिरजेकडं. आता मुलगा करतो. दोन-तीन गोष्टी सांगतो.

ताई, तो इलेक्ट्रिशियन वाईट नसणार. काम त्यानं ठोक घेतलंय की पॉइंटमागे, ते विचारा. ठोक घेतलं असंल तर दोनच बोर्ड म्हणणार, कारण जास्त झिऱ्या (भिंतीत तारेसाठी मारलेल्या खाचा), जास्त पाईप त्याच्याच खिशातनं. पॉइंटमागे दर ठरवा, माल तुम्ही आणा, मग तो स्वतःच विचारंल, आणखी एक टाकू का.

दुसरं, अर्थिंग. जुन्या बोर्डाचा एक स्क्रू काढून घ्यायच्या आधी मेन बंद करा. मग बघा, सॉकेटच्या वरच्या जाड भोकाला हिरवी तार आहे का. पुष्कळ जुन्या घरांत नसतीच. आणि काही शहाणे काय करतात, तिथंच न्यूट्रलची उडी मारून देतात, टेस्ट दिवा पेटतो, गिऱ्हाईक खूश. कधीतरी मागं न्यूट्रल तुटला की फ्रीजच्या पत्र्यात करंट उतरतो. असं दिसलं तर त्या माणसाकडनं काम करून घेऊ नका. सात लाईन टाकाल तेव्हा प्रत्येकीबरोबर अर्थची तार डीबीपर्यंत आली पाहिजे, आणि डीबीतनं खाली बिल्डिंगच्या अर्थपर्यंत.

तिसरं, माप कुठनं धरायचं. आम्ही झिरी मारतो तेव्हा खाली फरशी नसती. फरशी आणि मसाला मिळून दोन-तीन इंच वर येतं, ओट्याचा दगड वेगळाच. खालनं मोजून बोर्ड लावला की नंतर तो ग्रॅनाइटच्या पट्टीत घुसतो. आधी तयार फरशीची पातळी भिंतीवर मारून घ्या, सगळी मापं त्या रेघेवरनं.

ओट्यावरची

काका, काम ठोकच दिलंय! आता कळलं. आज बोलते.

खमंग, सार सॉकेटकडे जातं हे वाचून सासूबाई इतक्या हसल्या की घरघंटीची जागा ठरवायची राहिली.

तारतम्य, बिलावर मंजूर भार २ किलोवॅट दिसतोय. म्हणजे आत्ताच जास्त आहे ना आमचं?

तारतम्य

हो, तुमची किटली आणि इंडक्शन दोन्ही चालू झाले की साडेतीन किलोवॅट. जुन्या जोडण्यांत हे सर्रास दिसतं. भार वाढवायचा अर्ज आताच करून टाका. शिवाय मीटरपासून घरातल्या डीबीपर्यंत येणारी तार केवढी आहे तेही बघून घ्या. आत सात लाईन आणि बाहेरून येणारी तार जुनी बारीक, असं केलंत तर सगळी मेहनत त्या एका तारेपाशी अडेल.

चौथा_मजला

सगळे एमसीबीवर बोलताय, आरसीसीबीवर (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) कोणीच नाही. माझी कहाणी ऐका.

नवीन घर, सगळ्या घराला मिळून एकच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मे महिन्यात चार दिवस गावी गेलो. परत आलो तर दारातच वास. फ्रीजमध्ये आटवलेला हापूसचा रस, दोन किलो मटार, दूध, सगळं गेलेलं. झालं होतं इतकंच की बाल्कनीतल्या बाहेरच्या दिव्यात वळवाचं पाणी शिरलं, गळती झाली, आरसीसीबीने आपलं काम केलं आणि सगळं घर बंद केलं. त्याची चूक नाही. चूक माझी, की फ्रीज आणि बाल्कनीचा दिवा एकाच रखवालदाराच्या हाताखाली दिले.

आता फ्रीजला स्वतःचा आरसीबीओ लावलाय (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत). बाकी घराला दोन वेगळे.

बटाटेवडा

आटवलेला रस... दोन मिनिटं शांतता.

एक बाळबोध शंका. एमसीबी असताना हा दुसरा कशाला?

तारतम्य

एमसीबी तारेला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा करंट अँपिअरच्या एका बारीक अंशाएवढा असतो. १६ अँपिअरची वाट बघणाऱ्या एमसीबीला तो दिसतही नाही. आरसीसीबी फक्त एवढंच बघतो की फेजने जेवढा गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो. ओले हात, स्टीलची भांडी, पाण्याचा नळ आणि सॉकेट हे सगळं दोन हातांच्या अंतरात असलेली खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथे तो हवाच. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं.

आणि ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी लक्ष द्या. इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल दुसऱ्या लाईनच्या न्यूट्रलला कुठेतरी बोर्डात जोडला गेला, की आरसीसीबी उगाचच पडत राहतो आणि तीन वायरमन येऊन गेले तरी कारण सापडत नाही. ज्या लाईनचा फेज, त्याच लाईनचा न्यूट्रल. हे दादांना लिहून द्या.

रंधा

मी मॉड्युलर किचनचं काम करते, त्यामुळे इलेक्ट्रिशियन गेल्यावर उरलेली भांडणं माझ्या वाट्याला येतात.

कपाटांचा नकाशा पक्का झाल्याशिवाय एकही झिरी मारू देऊ नका. प्रत्येक भिंत समोरून बघतोय असा कागद काढायचा, त्यावर ओट्याची रेघ, वरच्या कपाटांची रेघ, टाइलचे सांधे, आणि मग सॉकेट. ओटा ३३-३४ इंचांवर आणि त्यावर वरची कपाटं साधारण २४ इंचांनी, म्हणजे मधली पट्टी दोन फुटांची. त्यात स्विच-सॉकेटची प्लेट ओट्यापासून ८ ते १० इंच वर बरी पडते. त्याखाली ग्रॅनाइटची पट्टी येते आणि पाणीही उडतं. त्याच्या वर गेलात तर मिक्सरची वायर लोंबकळत राहते आणि कपाटाखालच्या एलईडी पट्टीला जागा उरत नाही.

डिशवॉशरचं सॉकेट मशीनच्या मागे कधीही नको. मागे जागा नसते, मशीन भिंतीला टेकत नाही, आणि काही झालं तर शंभरेक किलोचं (बरं, पन्नास) धूड ओढून पिन काढावी लागते. शेजारच्या सिंकखालच्या कपाटात, जमिनीपासून दीड फूट वर, पाण्याच्या जोडणीच्या खाली नाही. स्विच मात्र वर, ओट्यावरच्या प्लेटमध्ये. खाली वाकून कोणी बंद करत नाही.

चिमणीचा पॉइंट तिच्या उभ्या धुराड्याच्या आवरणामागे, ६ ते ७ फुटांच्या मध्ये कुठेतरी, तुमच्या मॉडेलच्या कागदावर असेल तिथे. पाईपच्या भोकाच्या रेषेत नको, बाजूला. त्याचाही स्विच खाली हाताशी.

फ्रीजचं पण तेच. सगळे मागे सॉकेट ठेवतात आणि फ्रीज पुढे ढकलला जातो. एका बाजूला, हात पोचेल असं ठेवा.

खमंग

रंधाताई, स्विच वर आणि सॉकेट खाली असेल तर कुठला स्विच कशाचा हे पाहुण्यांना कसं कळणार? आमच्याकडे जाऊबाईंनी दिवा समजून डिशवॉशर बंद केला. भांडी अर्धवट साबणात.

रंधा

प्लेटवर छोटं चित्र किंवा नाव असलेले स्विच मिळतात. नाहीतर साधी नेलपेंटची टिकली. माझ्या घरी लाल टिकली म्हणजे हात लावू नका.

समुद्रकाठी

पुण्या-मुंबईबाहेरचंही थोडं लिहितो. आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, माडांत. इथे तीन शत्रू: खारा दमटपणा, संध्याकाळी पडणारं व्होल्टेज, आणि वीज. म्हणजे आकाशातली.

दमटपणामुळे सॉकेटच्या आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात, पकड सैल होते, पिन हलली की ठिणगी. वापरात नसलेल्या सॉकेटमध्ये मुंग्या घर करतात. एकदा बोर्ड उघडला तर आत पालीची अंडी. म्हणून मी झडपवाली सॉकेट घेतली आणि मेटल बॉक्सची उघडी भोकं बंद करून घेतली.

वळवाच्या आणि मिरगाच्या दिवसांत लांब गडगडायला लागलं की आई सगळ्या पिना स्वतः काढते. नुसता स्विच बंद करून भागत नाही. गेल्या पिढीत पाट्यावर वाटायचे तेव्हा हा त्रास नव्हता, असंही ऐकवते. डीबीत सर्ज संरक्षक (व्होल्टेजचा अचानक येणारा झटका अडवणारा) बसवलाय, तरी पिना काढतोच. म्हणून आमच्याकडे सॉकेट अशा जागी हवीत की सत्तरीतल्या बाईचा हात ताण न पडता पोचेल. तुम्ही उंची ठरवताना घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला उभं करा.

जर्सीकर

इकडचं सांगू का थोडं? अमेरिकेत ओट्यावरच्या सॉकेटचा नियमच आहे. ओट्याच्या भिंतीवरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन फुटांत सॉकेट असायला हवं, म्हणजे दोन सॉकेटमध्ये फार तर चार फूट. ओट्यावरच्या वस्तूंसाठी २० अँपिअरच्या किमान दोन स्वतंत्र लाईन. आणि सगळ्यांना तुमच्या आरसीसीबीचा भाऊ, तो तर ५ मिलिअँपिअरच्या आसपासच तोडतो. हे सगळं इन्स्पेक्टर बघून जातो. त्यामुळे इथे कोणी मला विचारलंच नाही की ताई दोन बोर्ड टाकू का.

पण सॉकेटला स्विच नसतो! बारा वर्षं झाली, अजून मिक्सर झाल्यावर माझं बोट भिंतीवर स्विच शोधतं. आणि दाब १२० व्होल्ट, म्हणून किटलीत पाणी उकळेपर्यंत चहाची तल्लफ मरते. भारतातून आणलेला मिक्सर जड ट्रान्सफॉर्मरवर चालवते, चटणी होते पण ओट्याचा एक कोपरा त्या ठोकळ्याने खाल्लाय. तुमच्याकडे २३० आहेत, स्विच आहेत, फक्त मोजून मागा.

चौथा_मजला

सॉकेट कोणती घ्यायची त्यावर बोला आता. मी सगळीकडे ६/१६ची एकत्र सॉकेट लावली, ज्यात बारीक पिनही जाते आणि जाडही. एकदम सोयीचं.

जुना_वायरमन

सोयीचं हाय, पण बारीक पिन त्यात काही महिन्यांनी खुळखुळती. भोक दोन्हीसाठी केलेलं, पकड कुणालाच पुरी नाही. सैल पिन म्हंजे उष्णता. मी मिक्सरला कायम वेगळं ६चं देतो.

चौथा_मजला

काका, चांगल्या कंपनीचं घेतलं तर नाही होत. पाच वर्षं वापरतोय.

तारतम्य

दोघांचंही बरोबर असू शकतं, स्वस्त सॉकेटमध्ये काका म्हणतात तसं मीही पाहिलंय. मधला मार्ग असा: ओट्यावर प्रत्येक प्लेटमध्ये एक नुसतं ६चं आणि एक ६/१६चं. (दुकानात अजून ५ आणि १५ म्हणतात. आयएस १२९३ या भारतीय मानकात ते ६ आणि १६ आहेत. माल तोच.) ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट, त्याच्या पुढची कुठलीही तापणारी वस्तू जाड पिनेवरच हवी. एअरफ्रायर, किटली, इंडक्शन, ओव्हन ही सगळी तिकडची. जाड पिन कापून बारीक लावून देणारे महाभाग असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.

मात्र ६/१६ जिथे लावाल तिथे मागे तार २.५चीच पाहिजे. भोक मोठं आणि तार १ची, हा सगळ्यात वाईट फसवा बोर्ड. पुढच्या भाडेकरूला काय कळणार?

बटाटेवडा

आमच्या नवीन बिल्डिंगमध्ये बिल्डरने असंच दिलंय की काय असं आता वाटायला लागलंय. आज रात्री झोप नाही.

ओट्यावरची

दादांशी बोलणं झालं. ठोक रद्द, आता पॉइंटमागे दर आणि माल आमचा. जुना_वायरमन काका म्हणाले तसंच झालं. सात लाईन म्हटल्यावर त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग डीबी मोठा लागेल." हे इतके दिवस कुणी बोललंच नव्हतं! जुन्या डबीत सहाच एमसीबींची जागा आहे, अख्ख्या घरासाठी.

खडूचा प्रयोग काल रात्री केला. सासूबाई, मी आणि नवरा, तिघं तीन रंगांचे खडू घेऊन. निकाल मजेदार. माझ्या फुल्या सिंक आणि गॅसच्या मधल्या पट्ट्यात. नवऱ्याच्या सगळ्या किटलीभोवती. सासूबाईंनी एकच फुली मारली, खिडकीपाशी, स्टूलवर बसल्यावर हात पोचेल अशी. तिथे बसून त्या लसूण सोलतात, रेडिओ लावतात आणि फोन चार्ज करतात. ती फुली आमच्या कुणाच्या यादीत नव्हती.

यादी अशी झालीय: ओट्याच्या डाव्या बाजूला दोन प्लेट, उजव्या बाजूला दोन (प्रत्येकी एक ६ आणि एक ६/१६), इंडक्शनला वेगळं १६, मायक्रोवेव्ह उंच कपाटात, फ्रीज बाजूला, डिशवॉशर सिंकखाली, फिल्टर, चिमणी, खिडकीपाशी एक. बाल्कनीत मशीन आणि घरघंटी. काही राहिलं?

तारतम्य

घरघंटी एक अश्वशक्तीची असेल तर ७५० वॅटच्या आसपास, पण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त ओढते. पाणी गरम करणारं वॉशिंग मशीन २०००. दोन्ही एका लाईनवर चालतील, फक्त तिथला एमसीबी 'सी' जातीचा असू द्या, म्हणजे मोटरच्या पहिल्या झटक्याला पडणार नाही.

इंडक्शन वेगळं म्हणताय ते एका शेगडीचं ना? पुढेमागे ओट्यात बसवायचं तीन-चार शेगड्यांचं घ्यायचा विचार असेल तर ते ७००० वॅटपर्यंत जातं, ३० अँपिअर. त्याला सॉकेटच नसतं, ६ चौरस मिलिमीटरची तार आणि ३२चा स्विच. आत्ता तार नको असेल तर नुसता रिकामा मोठा पाईप टाकून ठेवा. पाईपला पैसे नगण्य, पुढे टाइल फोडायला नाही लागणार.

रंधा

आणि प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, मेजरिंग टेप लावून. कुठला पाईप कोपऱ्यापासून किती इंचांवर गेलाय ते दिसलं पाहिजे. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे ताटाळं बसवणाऱ्याने पहिलंच भोक थेट तारेत मारलं होतं. माणूस वाचला, ड्रिल गेलं.

खमंग

देवघर स्वयंपाकात आहे का? गौरींच्या वेळी माळा लागतात, तेव्हा परत ठोकळा येईल बघा.

ओट्यावरची

अगं बाई! आहे की. कोपऱ्यात. दोन ६ची लिहिली.

ओट्यावरची

(दीड महिन्यानंतर.) काम संपलं. चार दिवस झाले स्वयंपाक सुरू होऊन.

आज सकाळी मुद्दाम सगळं एकदम लावलं, किटली, मिक्सर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह. नवरा डीबीसमोर उभा राहून एमसीबींकडे बघत होता. पंधरा मिनिटं, काहीच पडलं नाही. सॉकेटला हात लावून पाहिला, गार. ठोकळा भंगारवाल्याला द्यायला काढला होता, तर नवऱ्याने तो "प्रवासाला लागेल" म्हणून परत कपाटात ठेवला. त्याच्याशी भांडण चालू आहे.

दोन चुका झाल्या, पुढच्यांसाठी लिहिते. मायक्रोवेव्हचं उंच कपाट सुताराने आयत्या वेळी चार इंच सरकवलं, आता सॉकेट त्याच्या बाजूच्या फळीमागे अर्धं लपलंय. फळीला खाच पाडून घेतली, दिसायला वाईट दिसतं. आणि नवीन शेगडी ऑटो इग्निशनची घेतली, तिला विजेची पिन निघाली! ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ओट्याखाली सॉकेट नाही, सध्या लायटरने पेटवतेय.

रंधा

सिंकखालचं डिशवॉशरचं सॉकेट वापरू नका त्यासाठी, गॅसखालून वायर जाईल. काही शेगड्यांना विजेऐवजी बॅटरीचा डबा बसतो, दुकानात विचारा.

ओट्यावरची

विचारते. लायटर आहे तोवर.

जुना_वायरमन

ताई, चांगलं झालं. एकच राहिलं. चार-सहा महिन्यांनी त्याच दादांना बोलवा आणि १६ची सगळी सॉकेट आणि डीबीतले स्क्रू एकदा आवळून घ्या. नवीन तार स्क्रूखाली दबती, थोडी सैल होती. पहिल्या वर्षात एकदा आवळलं की मग काळजी नाही.

ओट्यावरची

फोनवर सहा महिन्यांनंतरची आठवण लावली, काका. मेन बंद करूनच, तेही लिहिलंय.